कल्याणचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या स्मरणिकेत एका राजाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. संस्थापकांची चरित्रे, आश्रयदात्यांच्या नोंदी आणि जुन्या ग्रंथपालांच्या आठवणी यांच्यासाठी ही पाने राखलेली असतात, हे खरे. परंतु आपल्या सीमाभागात ग्रंथसंग्रहाचा इतिहास शोधू लागले की तो शंभर वर्षांपाशी थांबत नाही. कलबुर्गी जिल्ह्यात चित्तापूरजवळ नागावी, म्हणजे जुन्या लेखांतील नागई, या ठिकाणी इ. स. १०५८ चा एक कन्नड शिलालेख आहे. तेथे एक घटिकास्थान, म्हणजे उच्च विद्येचे पीठ होते. दोनशे विद्यार्थी वेद शिकत, पन्नास शास्त्रे शिकत. त्यांना शिकविणारे आचार्य नेमलेले होते आणि त्यांच्याबरोबर सहा सरस्वती-भांडारिकही होते. भांडारिक म्हणजे पोथ्यांचे भांडार सांभाळणारे. आपल्या ग्रंथपालांचे हे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे पूर्वज होत. आचार्यांच्या जोडीने त्यांच्याही निर्वाहाची तरतूद त्या दगडावर कोरून ठेवलेली आहे. ज्या राजाच्या राज्यात हे घडले तो चालुक्य सोमेश्वर आहवमल्ल. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला विक्रमादित्य हा त्याचा मधला मुलगा.

मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील, बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे गाव. आज नकाशात ते एका कोपऱ्यात दिसते. अकराव्या शतकात हा कोपरा नव्हता. आग्नेयेस राष्ट्रकूटांची आणि आरंभीच्या चालुक्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, वायव्येस कल्याण. सोमेश्वराने राजधानी मान्यखेटहून कल्याणास आणली असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे जुन्या राजधानीतून नव्या राजधानीकडे जाणारी वाट याच टापूतून जात असली पाहिजे. नर्मदेपासून तुंगभद्रेच्याही पलीकडे पसरलेल्या राज्याचा कारभार पन्नास वर्षे ज्याने येथून चालविला, त्याचे नाव आपल्या शाळांतील पुस्तकांत जेमतेम एका ओळीत येते. कदाचित भाषावार प्रांतरचनेनंतर तो कर्नाटकाच्या वाट्यास गेला, म्हणून आपण त्याला परका मानले असावे. त्याच्या काळी मात्र कऱ्हाडचे शिलाहार, सेउणदेशाचे यादव आणि गोव्याचे कदंब हे सर्व कल्याणच्याच छत्राखाली होते.

विक्रमादित्याचे बालपण आणि तारुण्य चोळांशी चाललेल्या युद्धांत गेले. कल्याण आणि तंजावूर यांचे वैर दोन पिढ्यांचे होते आणि वेंगीचा सुपीक प्रदेश हे त्याचे मूळ होते. १०५४ मध्ये कोप्पमच्या रणांगणावर चोळ राजाधिराज हत्तीवरच मारला गेला, तरीही त्याच्या धाकट्या भावाने तेथेच स्वतःला अभिषेक करवून घेऊन लढाई जिंकली. असल्या शत्रूशी सोमेश्वराला आयुष्यभर झगडावे लागले. अखेरीस असाध्य रोगाने ग्रासल्यावर १०६८ च्या मार्च महिन्यात कुरुवत्ती येथे त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. मागे तीन मुलगे राहिले : थोरला सोमेश्वर, मधला विक्रमादित्य आणि धाकटा जयसिंह. गादी थोरल्याकडे गेली. तो दुसरा सोमेश्वर, भुवनैकमल्ल.

येथून पुढची हकीकत कोणाच्या तोंडून ऐकावयाची, हा खरा प्रश्न आहे. विक्रमादित्याची बाजू सांगणारा साक्षीदार मोठा वाक्पटू होता. काश्मीरचा पंडित बिल्हण मथुरा, कनोज, प्रयाग, काशी असे हिंडत कल्याणास पोहोचला. राजाने त्याला विद्यापती ही पदवी दिली आणि त्याने राजाला अठरा सर्गांचे विक्रमांकदेवचरित हे महाकाव्य दिले. या काव्यानुसार पित्याची इच्छा मधल्या मुलालाच युवराज करण्याची होती; परंतु वडील भावाचा हक्क डावलणे विक्रमाला मान्य झाले नाही. पुढे सोमेश्वर मदांध झाला, लोभी झाला, भावाच्या जिवावर उठला. तेव्हा विक्रम धाकट्या जयसिंहासह राजधानी सोडून दक्षिणेस निघून गेला. तेथे चोळ राजाने भिऊन आपली कन्या त्याला दिली. अखेर युद्ध झाले, सोमेश्वर बंदी झाला. तरीही विक्रम त्याला गादी परत देण्यास सिद्ध होता. पण साक्षात शंकराने दर्शन देऊन रागावून आज्ञा केली, म्हणून त्याचा नाइलाज झाला.

काव्य म्हणून हे सुरेख आहे. परंतु नेमका हाच प्रसंग चोळांच्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो. वीरराजेंद्र चोळाचे शिलालेख सांगतात की चालुक्य विक्रमादित्य शरण म्हणून आपल्या पायाशी आला आणि आपणच त्याच्या गळ्यात राजचिन्हाचा कंठा घालून त्याला रट्टपाडीचे, म्हणजे चालुक्यांच्या मुलखाचे, राज्य दिले. एकाच विवाहात एकीकडे शरणागत चोळ आहे आणि दुसरीकडे शरणागत चालुक्य. सोमेश्वर अद्याप कल्याणात राज्य करीत असताना त्याचा धाकटा भाऊ कुळाच्या वैऱ्याकडून त्याच राज्याचा कंठा स्वीकारतो, ही गोष्ट बिल्हणाच्या काव्यात सापडणार नाही. यादवांच्या बाजूनेही एक साक्ष आहे. हेमाद्रीने दोनशे वर्षांनी लिहिलेल्या यादवकुळाच्या प्रशस्तीत परमर्दिदेवाला, म्हणजे याच विक्रमादित्याला, शत्रूंच्या तावडीतून सोडवून कल्याणच्या गादीवर बसविण्याचे श्रेय सेउणचंद्राला दिले आहे. म्हणजे जेथे काव्यात शंकराची आज्ञा आहे, तेथे यादवांच्या आठवणीत यादवांचे सैन्य आहे.

१०७० मध्ये वीरराजेंद्र वारला. विक्रमादित्याने आपला मेहुणा अधिराजेंद्र याला चोळांच्या गादीवर बसविले. परंतु तो लवकरच मारला गेला आणि वेंगीच्या राजेंद्राने, म्हणजे पुढे कुलोत्तुंग म्हणून गाजलेल्या राजाने, ती गादी बळकाविली. या नव्या चोळ राजाशी सोमेश्वराने संधान बांधले आणि विक्रमाला दोन्ही बाजूंनी शत्रू उभे राहिले. १०७६ मध्ये निर्णायक लढाई झाली. त्या वर्षानंतर सोमेश्वराचा लेख सापडत नाही. आठ वर्षे राज्य केलेल्या या राजाने देवस्थानांना आणि विद्वानांना दिलेल्या दानांचे लेख मागे आहेत. त्यांतून बिल्हणाने रंगविलेला लोभी उन्मत्त दिसत नाही. त्याच्या पदरी काश्मीरचा कवी नव्हता, एवढाच काय तो फरक. प्रस्तुत लेखकास विक्रमादित्याच्या थोरवीविषयी शंका नाही. परंतु ती थोरवी सांगण्यासाठी वडील भावाच्या तोंडाला काळे फासण्याची गरज आहे, असे वाटत नाही. त्याने गादी घेतली, आणि घेतल्यावर ती चांगली चालविली.

गादीवर येताच त्याने जे केले ते फार थोड्या राजांनी केले आहे. शके ९९८, नल संवत्सरापासून त्याने स्वतःच्या नावाची कालगणना सुरू केली. तीच चालुक्य-विक्रम कालगणना. जुना शक आपण पुसून टाकला, असा अभिमानाचा उल्लेखही त्याच्या काळच्या लेखांत येतो. नुसती गादी मिळवून त्याचे समाधान झाले नाही. काळ मोजण्याची सुरुवातच आपल्यापासून व्हावी, असे त्याला वाटले. अपहाराच्या आरोपाची बोच या हव्यासामागे असेल का? ज्या गणनेचे पहिले वर्षच आपल्या राज्याभिषेकाचे, तिच्यात भावाच्या आठ वर्षांना जागाच उरत नाही.

ही गणना आपल्या भागातील शेकडो दगडांवर कोरलेली आहे. गावच्या देवळाबाहेर, वेशीपाशी किंवा शेताच्या बांधावर असा दगड उभा असतो. माथ्यावर सूर्य आणि चंद्र, मध्ये शिवलिंग आणि पुजारी, बाजूस गाय आणि वासरू. खाली जुन्या कन्नड लिपीतील ओळी. आधी राजाची बिरुदे : समस्तभुवनाश्रय, श्रीपृथ्वीवल्लभ, महाराजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक, सत्याश्रयकुलतिलक, चालुक्याभरण, श्रीमत् त्रिभुवनमल्लदेव. मग त्याच्या हाताखालच्या सामंताचे नाव, मग चालुक्य-विक्रम वर्ष, तिथी, वार. मग किती मत्तर जमीन, कोणते तेलाचे घाणे, कोणती जकात देवाला किंवा मठाला दिली त्याचा तपशील. शेवटी शाप : हे दान जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होईल. राजा सूर्यचंद्र असेतो टिकेल असे दान देत होता, आणि तरीही ते कोणीतरी हिरावणार हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्याकडील गधेगळींवर हाच धाक चित्राने घातलेला असतो.

या लेखांतील बिरुदांच्या मागे जो माणूस आहे त्याची चुणूक दोन-तीन ठिकाणी मिळते. एक म्हणजे कऱ्हाडचे स्वयंवर. कऱ्हाडच्या शिलाहार राजाची कन्या चंद्रलेखा, लेखांतील चंदलदेवी, हिने भर स्वयंवरात विक्रमादित्याला वरले, असे बिल्हणाने कित्येक सर्ग रंगवून सांगितले आहे. तिची कीर्ती इतकी पसरली की काश्मीरचा राजा हर्ष तिचे चित्र पाहून वेडा झाला आणि कर्नाटक जिंकून तिला आणीन अशी प्रतिज्ञा करून बसला; ही गोष्ट कल्हणाने राजतरंगिणीत हर्षाची टवाळी म्हणून नोंदली आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील आपल्या एका मुलीचे चित्र झेलमच्या काठी पोहोचले होते. तोच कल्हण सांगतो की कर्नाटकाच्या राजासमोर हत्तीवरून जाणाऱ्या बिल्हणाच्या डोक्यावर छत्र असे. या राजाच्या राण्याही नुसत्या अंतःपुरात बसलेल्या नव्हत्या. काही राण्या गावांचा आणि अग्रहारांचा कारभार पाहत, असे लेखांवरून दिसते. मुलगी मैलळदेवी त्याने गोव्याच्या कदंब जयकेशीला दिली.

दुसरे ठिकाण फार दूरचे, सिंहलद्वीपातील आहे. बिल्हणाने राजपुत्र विक्रमाच्या दिग्विजयात सिंहलाच्या राजालाही भेदरवून सोडले आहे. वस्तुस्थिती निराळी होती. सिंहलात त्या वेळी पहिला विजयबाहू राज्य करीत होता. चोळांनी पाऊणशे वर्षे दाबून ठेवलेले बेट त्याने सोडविले होते. म्हणजे कल्याणचा आणि त्याचा शत्रू एकच. चूळवंस या पाली ग्रंथात अशी हकीकत आहे की कर्नाटकाच्या राजाचे दूत भेटी घेऊन विजयबाहूकडे आले. त्यांच्याबरोबर त्याने आपले सिंहली दूत परत भेटी देऊन पाठविले. चोळांच्या मुलखातून जाताना त्या सिंहली दूतांचे नाक-कान कापण्यात आले. हा प्रसंग विजयबाहूच्या तिसाव्या वर्षाच्या सुमाराचा, म्हणजे १०८५ च्या आसपासचा, आणि कर्नाटकाचा तो राजा म्हणजे आपला विक्रमादित्यच, असे इतिहासकार मानतात. संतापलेल्या विजयबाहूने चोळ दूतांना बायकी वेष चढवून परत धाडले आणि त्यांच्या राजाला द्वंद्वाचे आव्हान दिले. पण त्याच्या पदरच्या वेळैक्कार सैनिकांनी लढण्यास नकार देऊन बंड केले.

या विजयबाहूचाही एक मोठा शिलालेख अंबगमुव येथे खडकावर कोरलेला आहे. त्याची भाषा सिंहली. श्रीपाद पर्वतावर बुद्धाच्या पावलांच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंच्या अन्नासाठी गावे तोडून दिल्याचा आणि पर्वतावरील व्यवस्थेचा मजकूर त्यात आहे. धर्म निराळा, लिपी निराळी. परंतु आधी राजाची स्तुती, मग दान, असा क्रम पाहिला की आपल्या देवळासमोरच्या दगडाचीच आठवण होते. चोळांच्या दोन बाजूंना असलेले हे दोन राजे एकमेकांना कधी भेटले नाहीत. त्यांच्या मैत्रीची किंमत ज्यांनी चुकविली त्या दूतांची नावे मात्र चूळवंसातही नाहीत.

घरात शांतता फार काळ टिकली नाही. गादी मिळविताना ज्याने साथ दिली, त्या जयसिंहाला विक्रमादित्याने बनवासीचा प्रांत दिला होता. १०८३ च्या सुमारास त्याने बंड केले. ते मोडले गेले. विजयी राजाने भावाला दयेने वागविले, असे बिल्हण म्हणतो. थोरल्या भावाशी आपण जसे वागलो तसेच धाकटा आपल्याशी वागला, हे विक्रमादित्याच्या मनात आले असेल काय, हे कवीने लिहिले नाही. लिहिण्याची सोयही नव्हती.

आणि याच राजाच्या राजधानीत बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. याज्ञवल्क्यस्मृतीवरील या टीकेत वडिलार्जित संपत्तीवर मुलाचा हक्क जन्मतःच असतो, हा सिद्धांत पक्का केला आहे. थोरल्या मुलाला जादा वाटा देण्याची शास्त्रातील तरतूद लोकांना अप्रिय झाल्याने ती आचरू नये, असाही तिचा निर्णय आहे. राज्य ही वाटून घेण्याची वस्तू नव्हे, हे खरे. तरीही थोरल्या भावाला बाजूस सारून गादीवर बसलेल्या राजाच्या नगरात वडीलकीच्या विशेष हक्काविरुद्धचा हा निर्णय लिहिला जावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. ग्रंथाच्या शेवटी कल्याणासारखे नगर, विक्रमार्कासारखा राजा आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित दुसरा नाही अशा आशयाची स्तुती आहे. कलबुर्गीजवळच्या मर्तूर गावी विज्ञानेश्वर आपलाच, असे परंपरेने सांगतात. १८१० मध्ये कोलब्रुकने या ग्रंथातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानातील न्यायालयांत वाटणीचे दावे मिताक्षरेनुसार चालू लागले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही सहदायकी पूर्णतः मोडली नाही. २००५ च्या दुरुस्तीने तीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक घरांना विक्रमादित्य ठाऊक नसेल. त्याच्या नगरात लिहिलेला कायदा त्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगला आहे.

राजाचे शेवटले दशक पुन्हा रणधुमाळीचे होते. होयसळ हे चालुक्यांचे मांडलिक. त्यांतील विष्णुवर्धनाने १११६ मध्ये चोळांकडून तलकाड घेतले आणि मग धन्याकडेच मोर्चा वळविला. १११८ मध्ये कण्णेगाळ येथे त्याचा सेनापती गंगराज याने चालुक्यांच्या छावणीवर रात्री हल्ला करून तिची वाताहत केली. सिंद अच्चुगीसारख्या निष्ठावंत सामंतांनी बाजू सावरली आणि होयसळांना पुन्हा मान तुकवावी लागली. उलट पूर्वेस, ज्या वेंगीसाठी बापाचे आयुष्य गेले, ती उतारवयात विक्रमादित्याच्या हाती आली; त्या भागातील लेखांवर चालुक्य-विक्रम वर्षे दिसू लागतात. कोप्पळ जिल्ह्यातील इटगीचे महादेव मंदिर त्याच्याच महादेव नावाच्या दंडनायकाने १११२ मध्ये उभारले. तेथील लेखात त्याला देवालयांचा चक्रवर्ती म्हटले आहे आणि ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ती अतिशयोक्ती वाटणार नाही.

आपल्या जवळ पाहावयाचे तर हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीला जावे. तेथील कल्मेश्वराच्या देवळाच्या बाह्य भिंतीवर सुंदर स्त्रियांच्या मूर्तींची ओळ आहे. त्यांतील एक स्त्री नटलेली, किंचित वाकून उभी, हातातील लेखणीने पाटीवर अक्षरे कोरीत आहे. ती अक्षरे खरोखर वाचता येतात : सप्तद्वीपा पृथ्वी चालुक्य विक्रमादित्य आपल्या हाती घेईल, अशा अर्थाचा तो संस्कृत श्लोक आहे. तिला शासनसुंदरी म्हणतात. लेख कोरणारीच दगडात कोरावी, ही कल्पना ज्या शिल्पकाराला सुचली त्याचे नाव आपल्यापर्यंत आले असते तर बरे झाले असते.

११२६ मध्ये विक्रमादित्य वारला. त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर हा तलवारीपेक्षा लेखणीत रमणारा. बापाच्या चरित्रावर त्याने विक्रमांकाभ्युदय लिहिले आणि शके १०५१ मध्ये, म्हणजे ११२९ च्या सुमारास, मानसोल्लास हा विश्वकोशासारखा ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या स्वयंपाकापासून हत्ती, औषधे, चित्रकला आणि गायनापर्यंत त्यात सर्व आहे. आणि गायनाच्या प्रकरणात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंदही आहे. मराठी ओवीचा इतका जुना उल्लेख कल्याणच्या दरबारातून यावा, याचे आश्चर्य वाटू नये. मराठी मुलूख त्या दरबाराच्या अंगणातच होता. सोलापूरजवळ भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा मराठी मजकुराचा लेख याच घराण्याच्या काळातला आहे.

सोमेश्वराने स्वतःचीही भूलोकमल्ल नावाची गणना सुरू केली. बापाचा पायंडा मुलाने उचलला आणि त्यामुळेच बापाची गणना मागे पडू लागली. पुढे मंगळवेढ्याहून पुढे आलेल्या कलचुरी बिज्जळाने कल्याण बळकाविले, बसवेश्वरांच्या चळवळीने ते नगर ढवळून निघाले आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव व होयसळ यांनी राज्य वाटून घेतले. चालुक्य-विक्रम वर्षे हळूहळू नाहीशी झाली. पुसला गेला म्हणून जाहीर केलेला शक मात्र आपल्या पंचांगांत अजून चालतो. बसवकल्याणच्या किल्ल्यात आज दिसते ते बरेचसे बांधकाम बहामनी आणि नंतरच्या काळातले आहे. चालुक्यांची खूण पाहावयाची तर जवळच्या नारायणपूरच्या शिवमंदिराकडे वळावे लागते.

बिल्हणाचे काव्यही शतकानुशतके दृष्टिआड झाले होते. १८७४ मध्ये जर्मन पंडित ब्यूलर आणि याकोबी राजस्थानच्या वाळवंटात जैसलमेरला गेले. तेथील जैन मंदिराच्या भांडारात त्यांना ताडपत्रावरील एक पोथी दाखविण्यात आली. दोघांनी तेथेच बसून ती उतरून घेतली आणि पुढल्या वर्षी, १८७५ मध्ये, ती मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाली. कल्याणात लिहिलेले राजाचे चरित्र शेकडो कोसांवरच्या अनोळखी भांडारिकांनी, तो राजा कोण याची विशेष चौकशी न करता, किड्यावाळवीपासून जपून ठेवले होते.